खाते आहे, घर नाही

लखनौ शहरात गोमती नदीच्या काठी छत्तर मंझिल नावाचा नवाबी अमदानीतील एक राजवाडा आहे. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते या राजवाड्यात केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. ज्या दालनांत एके काळी अवधच्या राजघराण्याचे वास्तव्य होते, तेथे शास्त्रज्ञांची मेजे आली, परीक्षानळ्या आल्या, प्राण्यांचे पिंजरे आले. पुढे सुमारे सहा दशके हा क्रम चालला. आता ती संस्था जानकीपुरम विस्तार या भागातील नव्या आवारात गेली आहे. या सर्व काळात सकाळी माणसे राजवाड्यात येत आणि काम संपले की आपापल्या घरी जात. वास्तूत शिरण्याचा आणि उपकरणे हाताळण्याचा अधिकार त्यांना होता. राजवाड्यात बिऱ्हाड थाटण्याचा नव्हता. काम करण्याचा अधिकार आणि राहण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तेथे कोणास समजावून सांगावे लागले नाही.

संगणकाच्या जगात मात्र हा भेद पुष्कळदा विसरला जातो आणि त्यामुळे दोन उलट प्रकारचे प्रमाद घडतात. ज्याला घराची गरज नाही त्याला घर दिले जाते आणि ज्याला घर मिळावयास हवे त्याला ते मिळत नाही. दुसरा प्रमाद शाळांत अधिक आढळतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच अधिक हानिकारक आहे. तथापि तो समजण्यासाठी प्रथम 'घर' म्हणजे काय हे पाहिले पाहिजे.

लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिहावयास घेतली. तिचा आराखडा मात्र त्याहून जुना आहे. तो १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी सुरू केलेल्या युनिक्सचा. एकच यंत्र अनेकांनी वापरावयाचे, आणि तरीही प्रत्येकाचे काम स्वतंत्र राहावयाचे, ही या घराण्याची मूळ प्रतिज्ञा होय. यासाठी यंत्रात प्रत्येक वापरकर्त्याचे एक खाते उघडले जाते. सर्व खात्यांची नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. तिचे नाव पासडब्ल्यूडी. प्रत्येक खात्यास एक ओळ, प्रत्येक ओळीत अपूर्णविरामाने वेगळे केलेले सात रकाने: खात्याचे नाव, संकेतशब्दाच्या जागेची खूण, वापरकर्त्याचा क्रमांक, गटाचा क्रमांक, पूर्ण नाव किंवा टिपण, घराचा मार्ग, आणि शेवटी शेल, म्हणजे आज्ञा वाचून त्या अमलात आणणारा कार्यक्रम. संकेतशब्द स्वतः पूर्वी सांकेतिक रूपात याच फाइलमध्ये असे. पुढे तो इतरांना न वाचता येणाऱ्या दुसऱ्या फाइलमध्ये नेण्यात आला आणि येथे केवळ एक खूण उरली.

आपल्याला येथे कर्तव्य आहे ते सहाव्या रकान्याशी. त्यात ज्या जागेचा पत्ता असतो तिला होम डिरेक्टरी म्हणतात. आपण तिला सरळ घर म्हणू. वापरकर्त्याचे लेखन, चित्रे, अर्धवट राहिलेले कार्यक्रम आणि त्याच्या आवडीनिवडींची नोंद येथे राहते. खाते उघडताना एका आदर्श सांगाड्यातून काही प्राथमिक फाइली या घरात उतरविल्या जातात. नव्या बिऱ्हाडात आधीच चूल आणि माठ ठेवलेला असावा, तसाच हा प्रकार.

ही सोय आज इतकी स्वाभाविक वाटते की तिच्याविना काम कसे चाले याची कल्पना येत नाही. लखनौपासून सुमारे ८० किलोमीटरवर कानपूर आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला आणि देशातील विद्यार्थ्यांच्या एका पिढीने त्यावर संगणनाचे धडे घेतले. त्या यंत्रात कोणाचेही घर नव्हते. विद्यार्थी आपला कार्यक्रम भोके पाडलेल्या पत्त्यांवर उतरवी, पत्त्यांची चळत काखोटीस मारून संगणककक्षात जाई, आणि काम झाले की ती परत घेऊन येई. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर! चळत हातातून निसटून पत्ते विस्कटले, तर ती पुन्हा क्रमाने लावण्यात तासन्‌तास जात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणारी प्रणाली दाखविली. तिच्यात प्रत्येकाला स्वतःच्या फाइली यंत्रातच ठेवण्याची जागा मिळू लागली. घराची कल्पना तेथून रुजली.

आता घर नसलेल्या खात्यांकडे वळू. लिनक्स नुकतेच बसविलेल्या, एकाही माणसाने न वापरलेल्या यंत्रातील ती नोंदफाइल उघडून पाहिली, तर तीत वीस-पंचवीस ओळी तरी सहज आढळतात. ही माणसे कोण? ती माणसे नव्हेतच. छपाईची रांग सांभाळणारा कार्यक्रम, घड्याळ जुळविणारा, पत्रे पोहोचविणारा, जाळ्यावरील पृष्ठे पुरविणारा असे सेवक-कार्यक्रम प्रत्येकी आपल्या स्वतंत्र खात्याखाली चालतात. डेबियन नावाच्या लिनक्स-आवृत्तीत अशा सेवकांना १००० च्या खालचे क्रमांक देण्याची आणि माणसांचे क्रमांक १००० पासून सुरू करण्याची प्रथा आहे. तीत 'नोबडी' म्हणजे 'कोणीही नाही' अशा नावाचेही एक खाते असते. त्याच्या घराच्या रकान्यात 'अस्तित्वात नसलेले' अशा अर्थाचा मार्ग लिहिलेला असतो. यंत्रशास्त्रज्ञांनाही विनोदाचे वावडे नसते, एवढे यावरून दिसते.

सेवकांना स्वतंत्र खाती द्यावयाची कारण १९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी एका गाजलेल्या निबंधात मांडलेले तत्त्व: ज्याला जे काम नेमून दिले आहे, त्या कामापुरताच अधिकार त्याला असावा. पृष्ठे पुरविणारा कार्यक्रम एखाद्या घुसखोराच्या ताब्यात गेला, तरी घुसखोराच्या हाती फक्त त्या सेवकाचेच अधिकार पडतात. पत्रे किंवा गुणपत्रके यांना त्याचा हात लागत नाही. घर नाकारणे हे याच तत्त्वाचे पुढचे पाऊल होय. जे घर बांधलेच नाही, त्यात चोराला दबा धरून बसता येत नाही.

हे केवळ तर्कट नव्हे. घर म्हणजे नुसते कोठार नसते. यंत्र ज्यांवर विश्वास ठेवते अशी काही पत्रे त्यात असतात. 'अमुक यंत्रावरून मी आलो तर संकेतशब्द विचारू नये' असे सांगणारी एक फाइल जुन्या युनिक्समध्ये वापरकर्त्याच्या घरात ठेवता येत असे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील जाळ्यावर सुटलेल्या 'मॉरिस वर्म' या स्वयंप्रसारी कार्यक्रमाने ज्या अनेक वाटांनी प्रवास केला, त्यांपैकी एक वाट हीच होती. तो वापरकर्त्यांच्या घरांतील अशा फाइली वाची, त्यांतून दुसऱ्या यंत्रांची नावे मिळवी आणि या विश्वासाच्या धाग्यांवरून पुढे सरके. आजही दूरस्थ प्रवेशाच्या किल्ल्या बहुधा घरातच ठेवल्या जातात. एखाद्या सेवकाच्या घरात लिहिण्याची संधी घुसखोराला मिळाली, तर तो तेथे आपली किल्ली ठेवून जातो आणि मूळ भोक बुजविल्यावरही त्या किल्लीने परत येतो. म्हणून सेवकाचे खाते उघडताना 'यूझरॅड' या आज्ञेस घर बांधू नये अशी खूण जोडणे, हीच योग्य रीत मानली पाहिजे.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेणे अवश्य आहे. ही खूण जोडली तरी सहावा रकाना रिकामा राहत नाही. नेहमीच्या पद्धतीने घराचा मार्ग त्यात लिहिला जातोच. बांधले जात नाही ते घर. पाकिटावर पत्ता आहे, पण त्या पत्त्यावर इमारत उभी नाही, अशी ही स्थिती. उद्या दुसऱ्या कोणी अधिकाऱ्याने नकळत त्या मार्गावर निर्देशिका तयार करून ती या खात्याच्या मालकीची केली, तर घर आपोआप अस्तित्वात येते. याहून मोठा भ्रम म्हणजे घर नाही म्हणजे प्रवेश नाही, ही समजूत. घर, संकेतशब्द आणि शेल हे तीन निरनिराळे दरवाजे आहेत आणि ते निरनिराळेच बंद करावे लागतात. सेवकाला संकेतशब्द देऊ नये, आणि शेलच्या जागी 'नोलॉगिन' हा कार्यक्रम नेमावा. प्रवेश करू पाहणाऱ्यास तो नम्रपणे 'हे खाते सध्या उपलब्ध नाही' असे सांगून वाटेस लावतो. एवढे करूनही ठरावीक वेळी करावयाच्या कामांच्या सूचीतून त्या खात्याच्या नावे काम चालविता येतेच, हे ध्यानात ठेवावे.

तथापि नियमाचे सोवळे करू नये. काही सेवकांना जागा खरोखरीच लागते. पोस्टग्रेस या माहितीसंग्रह-प्रणालीच्या खात्याचे घर डेबियनमध्ये तिच्या माहितीच्या कोठारातच असते, आणि ते तसेच योग्य आहे. काही कार्यक्रम घरात तात्पुरते टिपण ठेवता आले नाही, तर चालावयाचेच नाकारतात. त्यांना माणसांच्या वस्तीत घर देण्याऐवजी सेवकांच्या विभागात एक खोली द्यावी, म्हणजे वाद मिटतो.

सेवकांविषयी एवढे पुरे. या पत्रिकेचे वाचक मुख्यत्वे शाळांत आणि सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत. त्यांना याहून जवळचा प्रश्न माणसांच्या खात्यांचा आहे.

कल्पना करा, एका शाळेत २० संगणक आणि २०० विद्यार्थी आहेत. शिक्षक नावांची यादी घेतात आणि एकामागून एक खाती उघडण्याची आज्ञा यंत्राला देतात. येथे एक विलक्षण गोष्ट घडते. रेड हॅट घराण्याच्या लिनक्समध्ये यूझरॅड ही आज्ञा न सांगताही घर बांधते. डेबियनमध्ये मात्र तीच आज्ञा 'घर बांध' असे स्पष्ट सांगितल्यावाचून बांधीत नाही. डेबियनमध्ये त्यासाठी ॲडयूझर नावाची दुसरी, अधिक सौजन्यशील आज्ञा आहे. दोन नावांतील शब्दांची अदलाबदल सोडली, तर नवशिक्याला त्यांत काही फरक दिसावयाचा नाही. एका यंत्रावर शिकलेली आज्ञा दुसऱ्या यंत्रावर दिली, आणि २०० मुले घराविना राहिली!

दुसऱ्या दिवशी मूल आपले नाव व संकेतशब्द लिहिते. अक्षरी पडद्यावर यंत्र 'निर्देशिका नाही' असे सांगते आणि संपूर्ण यंत्राच्या मुळाशी असलेल्या निर्देशिकेलाच घर समजून त्याला आत घेते. तेथे एक अक्षरही लिहिण्याची त्याला मुभा नसते. चित्रमय पडद्यावर तर बहुधा तेवढेही होत नाही. पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा नाव विचारतो. मुलाला वाटते, आपला संकेतशब्द चुकला. ते पुन्हा लिहिते, पुन्हा तेच. तास संपत आलेला असतो. घाईत असलेले शिक्षक मग 'विद्यार्थी' नावाचे एकच सामाईक खाते उघडतात आणि त्याचा संकेतशब्द फळ्यावर लिहून टाकतात. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय वर्षानुवर्षे टिकते.

या सामाईक खात्याला माझा आक्षेप आहे. त्यात घर आहे, पण ते कोणाचेच नाही. सकाळच्या वर्गातील मुलीने लिहिलेला निबंध दुपारच्या वर्गातील मुलगा उघडतो, त्यावर स्वतःचे नाव घालतो, किंवा जागा कमी पडते म्हणून पुसून टाकतो. कोणी काय केले हे यंत्रालाही सांगता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने वापरकर्ता एकच आहे. असे काही वेळा घडले की मूल संगणकावर काही टिकाऊ करण्याची आशाच सोडते. त्या तासाला चित्र रंगवावे, खेळ खेळावा, आणि उठावे. संगणककक्षात मुले खेळतच बसतात अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. उद्या परत येऊन पुढे चालविता येईल असे कोणतेही काम आपण त्यांना तेथे करू दिले आहे काय, हे प्रथम पाहावे.

लखनौच्याच एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल, आणि मराठी वाचकास ते जवळचेही वाटेल. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौस मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. गुरुगृही राहून, गुरूच्या मर्जीने मिळेल तेवढी विद्या घेण्याची जुनी पद्धत बाजूस ठेवून तेथे वर्ग भरले, अभ्यासक्रम आला, आणि भातखंड्यांच्या स्वरलिपीत बंदिशी लिहून घेता येऊ लागल्या. अशा वर्गात तंबोरा सामाईक असू शकतो, तबला असू शकतो, पेटीही असू शकते. स्वरलिपीची वही मात्र सामाईक असून भागावयाचे नाही. काल कोठवर आलो, कोठे चुकलो आणि गुरुजींनी कोणती खूण केली, हे त्या वहीत असते. संगणक हा तंबोरा आहे. घर ही वही आहे.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला जागेचा. प्रत्येक विद्यार्थ्याला १ गिगाबाइट जागा दिली तरी २०० विद्यार्थ्यांना २०० गिगाबाइट लागतील. आज साध्या तबकडीवर १००० गिगाबाइट मावतात. शिवाय कोणी अधिक जागा बळकावू नये म्हणून प्रत्येकाची मर्यादा बांधून देण्याची सोय लिनक्समध्ये पूर्वीपासून आहे. तेव्हा हा आक्षेप उरत नाही.

दुसरा आक्षेप श्रमाचा आहे आणि तो खरा आहे. २० यंत्रे म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची २० घरे, आणि आज या बाकावर बसलेल्याचे कालचे काम त्या बाकावर! यावर उपाय असा की घरे एकाच मध्यवर्ती यंत्रावर ठेवावी आणि ती जाळ्यावरून हव्या त्या बाकावर उघडावी. विद्यार्थ्याने प्रथम प्रवेश केला की त्याच क्षणी घर बांधून देणारी योजनाही लिनक्समध्ये उपलब्ध आहे. तिच्यामुळे शिक्षकाला २०० घरे आधी बांधावी लागत नाहीत. हे सर्व एकदा बसवावयास दोन-तीन दिवस जातात आणि जाणत्याचे साह्य लागते. शाळांसाठी लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती तयार करून ती राज्यभर नेण्याचे काम केरळने करून दाखविले आहे. सी-डॅकने 'बॉस' नावाची भारतीय भाषांना अनुकूल अशी आवृत्ती काढली आहे, आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात. साधनांची वाण नाही. वाण आहे ती हे काम कोणाचे हे ठरविण्याची. संगणकखरेदीच्या कागदांत खात्यांचा उल्लेखही नसतो.

ग्रंथालयाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तेथे मी शाळेच्या अगदी उलट सल्ला देईन. लखनौच्या कैसरबागेत अमीरुद्दौला सार्वजनिक ग्रंथालय आहे. अशा कोणत्याही ग्रंथालयाच्या वाचनकक्षात येणारा वाचक तासभर बसतो, वाचतो आणि जातो. आपली वही तो बरोबर आणतो आणि बरोबर नेतो. तेथील संगणकावर त्याला कायमचे घर देऊ नये. तासापुरते तात्पुरते घर द्यावे आणि तो उठताच ते समूळ पुसून टाकावे. वाचकाने काय शोधले, कोणास पत्र लिहिले, कोणत्या रोगाची माहिती वाचली, हे त्याच्यानंतर त्याच आसनावर बसणाऱ्यास कळता कामा नये. येथे घराचा अभाव हीच वाचकाची सुरक्षितता आहे.

शाळेतील घरांनाही भिंती हव्यात. पुष्कळ काळ उबुंटूसारख्या लोकप्रिय आवृत्तीतदेखील नवे घर इतर सर्व वापरकर्त्यांना वाचावयास मोकळे असे; २०२१ सालच्या आवृत्तीपासून ते आपोआप खाजगी होऊ लागले. जुन्या यंत्रांवर ही दुरुस्ती हाताने करावी लागते. मुलांच्या लेखनात मुलांची मने असतात, आणि शेजारच्या बाकावरून ती सहज वाचता येणे इष्ट नाही.

राहता राहिला शाळा सोडून जाणाऱ्यांचा प्रश्न. खाते पुसण्याची आज्ञा साधेपणाने दिली, तर लिनक्स खाते पुसते आणि घर तसेच ठेवते. म्हणजे आरंभी पाहिलेल्या स्थितीच्या नेमके उलट, खाते नाही आणि घर आहे! त्या घरातील फाइलींवर मालकाच्या नावाऐवजी नुसता क्रमांक उरतो. पुसलेले खाते सर्वांत मोठ्या क्रमांकाचे असेल, तर यानंतर उघडलेल्या नव्या खात्याला तोच क्रमांक मिळतो, आणि अनोळखी मुलाच्या सर्व फाइली त्या नव्या मुलाच्या मालकीच्या होऊन बसतात. म्हणून दहावीचा निकाल लागला की विद्यार्थ्याला त्याच्या घराची प्रत काढून द्यावी, खाते वर्षभर केवळ बंद ठेवावे, आणि त्यानंतर घरासह पुसावे. त्याचा क्रमांक हजेरीपटाशेजारी एका वहीत लिहून ठेवावा आणि पुन्हा कोणास देऊ नये.